हाताचे टक्के

त्या वर्षी ओढा लवकर आटला. वरच्या अंगाला खडक उघडे पडले, खालच्या अंगाला नुसती वाळू, आणि मध्ये एकच डोह राहिला. त्या डोहात दोरवाल्याचे घायपाताचे भारे दगडाखाली दाबलेले असायचे आणि त्याच डोहात बागवाल्याच्या इंजिनाचा पाइप सोडलेला असायचा. घायपाताची पानं कुजल्याशिवाय दोराचा धागा, म्हणजे वाख, निघत नाही, आणि कुजलं की वास सुटल्याशिवाय राहत नाही. एरवी वाहतं पाणी सगळ्यांची घाण पोटात घेऊन पुढे जायचं. त्या वर्षी ते जागेवरच थांबलं.

दोर वळायला दोन माणसं लागतात. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने कमरेला वाखाचा पुडा बांधून, चाकाकडे तोंड करून एकेक पाऊल मागे जायचं आणि वाख सोडत राहायचं. दोरवाला चाक फिरवायचा. मागे चालायची ती त्याची बायको. तिच्या उजव्या हाताची बोटं वाख सोडायची, ना कमी ना जास्त. शेजारणीशी गप्पा चालू, लक्ष चुलीवरच्या भांड्याकडे, आणि तरी शंभर पावलांचा दोर सुरुवातीला जेवढा जाड, तेवढाच शेवटाला. लोक थट्टा करायचे, "बाई मागं मागं जाते म्हणून याचा संसार पुढं सरकतो." दोरवाला हसून म्हणायचा, "खरंय. चाक काय, माकडसुद्धा फिरवील."

त्या दिवशी सकाळी दोघं मांड्यांइतक्या पाण्यात उभे राहून भारे काढत होते. पलीकडे दोन बायका धुणं धूत होत्या. बागवाला बांधावरून उतरून आला. झाडं छाटता छाटता आला होता, कोयता हातातच होता.

"काल सांगितलं होतं ना, हा सडका माल उचला म्हणून?"

"उचलतोच आहे की. चारच भारे राहिलेत."

"माझ्या झाडांना हेच पाणी जातं."

"झाडांना नाक असतं होय?" दोरवाला म्हणाला.

तसं बोलायची त्याची सवयच होती. धुणं धुणाऱ्या बायका खळखळून हसल्या. त्या हसल्या नसत्या तर कदाचित काहीच झालं नसतं. बागवाला चपलांसकट पाण्यात शिरला. कोयता वर गेला तो दोरवाल्याच्या मानेवर यायचा होता. मध्ये बायकोचा हात आला.

ती ओरडली नाही. पाण्याकडे बघत म्हणाली, "अहो, भारा सुटला."

तळहात मनगटापासून अंगठ्याच्या बुडापर्यंत उघडला होता.

तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "बोटं हलवणाऱ्या आतल्या दोऱ्या तुटल्या होत्या. सांधल्यात."

"गाठ मारली की पीळ घातला?" तिने विचारलं.

डॉक्टर हसले. "शिवल्यात."

"बघा हं. जोडलेला दोर जोडापाशीच तुटतो."

टाके निघाल्यावर व्यायाम शिकवणारी बाई आली. तिने एक रबरी चेंडू दिला. "रोज चार वेळा. मूठ करायची, उघडायची. एक एक बोट दुसऱ्या हाताने सरळ करायचं. दुखेल, रडू येईल, तरी करायचं. सहा महिने. आता आळस केलात तर आतल्या दोऱ्या चिकटून बसतील. मग मी काय, कोणीच काही करू शकणार नाही."

"करीन की," ती म्हणाली. "कामाची सवय आहे हाताला."

आणि ती करत होती. पहाटे उठून उंबऱ्यावर बसायची, दात आवळून चेंडू दाबायची. दोन आठवड्यांत तर्जनी अंगठ्याला लागायला लागली. तिने ते दोरवाल्याला दाखवलं, एखादं लहान मूल उभं राहायला लागल्यावर दाखवतात तसं.

पण दोर वळायचे कोणी? शेजारच्या खोपटात दोरवाल्याची विधवा बहीण राहायची, सगळे तिला आक्का म्हणायचे. तिने चाक धरलं आणि दोरवाला कमरेला वाख बांधून मागे चालायला लागला. पन्नाशीला आलेला माणूस, पहिल्याच दिवशी दोनदा ठेच लागून पाठीवर पडला. वाख कधी गठ्ठ्याने सुटायचा, कधी अडकायचा. गाडीवाला कासरा न्यायला आला, त्याने दोर हातातून सरकवून पाहिला आणि म्हणाला, "हा दोर आहे का बेडूक गिळलेला साप?" घेतला नाही. पुढच्या गावच्या दोरवाल्याकडे गेला. बायको ओसरीवर बसून ऐकत होती. हात मांडीवर होता.

जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानेच सांगितलं. "अर्ज करा. ज्याला मार बसला त्याला सरकार देतं आता. आरोपीला शिक्षा होवो न होवो, त्याची वाट बघायला लागत नाही."

दोघं कचेरीत गेले. कचेरीच्या भिंतीला लागून पत्र्याखाली अर्जवाला बसायचा. बारीक अंगाचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं, चांगल्या अक्षरात अर्ज लिहिला. मग विचारलं, "किती टक्के?"

"काय किती टक्के?"

"हात. किती टक्के गेला?"

दोरवाल्याने बायकोच्या हाताकडे पाहिलं. "गेला कुठं? जागेवरच आहे."

"ते तुम्ही म्हणून चालत नाही. डॉक्टरांचं मंडळ बसतं, ते मोजतं. चाळीसच्या वर निघाले तर खरी भरपाई. खाली निघाले तर औषधपाण्यापुरतं." मग त्याने पेन खाली ठेवला. "एक सांगतो, यातलं काही घेणार नाही मी. मंडळापुढं जाईपर्यंत हात फार हलवू नका. मागच्या वर्षी एकाचा पाय होता. गडी घरच्या घरी चालून चालून बरा झाला. बारा टक्के. कुऱ्हाडीचा घाव, वर्षभर अंथरुणात, आणि बारा टक्के! आणि काम करताना तर दिसूच नका. बागवाल्याची माणसं टपलेली असतील, एकाने लिहून दिलं की संपलं."

"पण व्यायाम सांगितलाय," ती म्हणाली.

"महिन्याचा तर प्रश्न आहे, बाई. मंडळ झालं की करा की जन्मभर."

माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने जे पाहिलं तेच तो सांगत होता.

परत येताना दोरवाला म्हणाला, "महिनाच तर आहे." तिलाही गाडीवाल्याचं बोलणं आठवत असावं.

महिन्याने तारीख आली. मंडळात तीन डॉक्टर लागतात, त्यातले एक रजेवर होते. पुढची तारीख मिळाली. त्या तारखेला कळलं, दवाखान्याच्या कागदावर तिचं माहेरचं नाव आहे आणि बँकेच्या पुस्तकात सासरचं. दोन्ही बाई एकच, असा दाखला आणा. दाखला आणायला दोन महिने गेले. तिसऱ्या वेळेला शिपाई म्हणाला, "साहेब दौऱ्यावर. काल कळवलं होतं." कोणाला कळवलं होतं ते त्यालाही माहीत नव्हतं.

प्रत्येक वेळी तारीख पंधरा दिवसांवर, तीन आठवड्यांवर असायची. दूर कधीच नसायची.

एकदा दुपारी दोरवाला पाणी प्यायला घरात आला तर ती कोपऱ्यात पाठ करून बसलेली. पदराखाली काहीतरी हलत होतं. त्याने पदर बाजूला केला. चेंडू होता.

"अगं, कशाला? पुढच्या सोमवारी तारीख आहे."

"हात जड व्हायला लागलाय. ती बाई म्हणाली होती…"

"त्या बाईला पगार आहे. आपलं कोण बघणार? सोमवार होऊ दे, मग दिवसभर दाब." त्याने चेंडू घेतला आणि आढ्याच्या फळीवर टाकला. आवाज चढवला नव्हता. समजूत घालावी तसंच बोलला होता.

चौकशीला एक कारकून येऊन गेला. ती ओसरीवर बसलेली होती, तशीच बसवलेली होती. "घरचं काम कोण करतं?" "नणंद." "स्वयंपाक?" "तीच." "केस कोण विंचरतं?" ती थांबली. "तीच." आक्काने दाराआड तोंडाला पदर लावला. लिहिता लिहिता कारकुनाचा पेन निसटला आणि घरंगळत तिच्या पायापाशी आला. तिचा उजवा हात आपोआप खाली गेला. तिने डाव्या हाताने तो मनगटात धरला आणि मांडीवर दाबून ठेवला. कारकुनाने वाकून पेन उचलला. त्याने ते पाहिलं की नाही, कळलं नाही. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

गावात बोललं जायचंच. "हात मोडला म्हणून तोंड मोडलंय का? बसून खाते." जन्मभर कोणाचं पाच मिनिटं बसणं तिला सहन झालं नव्हतं. आता ती सूर्य कोणत्या पत्र्यावरून कोणत्या पत्र्यावर गेला हे बघत दिवस काढायची.

थंडी पडली तशी बोटं आणखी आत वळली. एका सकाळी ती गोठ्याच्या दाराशी आली. "अहो. उघडत नाहीत."

"मंडळापुढं तर उघडूच नको!" तो हसत म्हणाला आणि मागे वळला. तिचा चेहरा बघून त्याचं हसू तोंडातच राहिलं.

त्याने तिचा हात हातात घेतला. चारही बोटं तळव्याकडे वळून बसली होती, पक्ष्याचा पाय आखडावा तशी. त्याने मधलं बोट धरून सरळ करायला पाहिलं. तिच्या घशातून असा आवाज आला, की आक्का हातातलं टाकून धावत आली.

"उद्याच व्यायामवालीकडं जाऊ," तो म्हणाला.

"आठ दिवसांवर तारीख आहे," आक्का म्हणाली. "आठ महिने थांबलात…"

आठ दिवस आणखी थांबले.

मंडळ वरच्या मजल्यावर बसलं होतं. जिन्यात, बाकांवर, खिडकीच्या कठड्यावर माणसं. कोणी कुबड्या घेऊन, कोणी डोळ्याला पट्टी बांधून. आत तीन टेबलं होती. मधल्या टेबलावर तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बोटांना प्लास्टिकचा कोनमापक लावला, शाळेतल्या पोरांकडे असतो तसाच. एक बोट दाबलं, दुसरं दाबलं. मग जुने कागद काढून वाचत बसल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ऑपरेशन तर चांगलं झालेलं दिसतंय. पहिल्या महिन्याची नोंद आहे, तर्जनी अंगठ्याला लागते. चार-सहा महिन्यांत मूठ व्हायला हवी होती. व्यायाम केला नाही?"

ती खाली बघत राहिली.

"बाई, मी तुम्हाला विचारतेय. हा हात कोयत्याने नाही गेला. बसून गेलाय. करू नका म्हणून कोणी सांगितलं होतं का?"

दोरवाला दारात कागदांची पिशवी छातीशी धरून उभा होता. त्याने तोंड उघडलं. मग मिटून घेतलं.

"नाही," ती म्हणाली. "दुखायचं. मलाच कंटाळा आला."

"कंटाळा!" डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर टाकला. "इतकी मेहनत घेऊन हात जोडतात लोक, आणि तुम्हाला कंटाळा येतो. आता काय बोलायचं?"

ती ऐकून घेत होती. कामात कुचराई केली म्हणून तिला आजपर्यंत कोणी बोललं नव्हतं. बाजूच्या टेबलावरचे वयस्क डॉक्टर मान न उचलता म्हणाले, "साठ लिहू?"

"लिहा."

खाली अर्जवाला वाटच बघत होता. कागद बघून तो उभाच राहिला. "साठ! अहो, साठ म्हणजे… एवढे मी कोणाचे पाहिले नाहीत." त्याने दोरवाल्याचा हात दोन्ही हातांत धरून जोरजोरात हलवला. दोरवाल्याने हलवू दिला.

गाडीत दोघांना शेजारी जागा मिळाली. अर्ध्या वाटेत तो म्हणाला, "अगं…"

"खिडकी लावा," ती म्हणाली. "वारा येतोय."

उन्हाळ्याच्या तोंडावर रक्कम जमा झाली. बँकेत सही करायची होती. ती चौथीपर्यंत शिकलेली, सही वळणदार करायची, आणि त्याचा तिला थोडा तोराही होता. तिने पेन बोटांच्या खाचेत खोवून पाहिला. कागदावर नुसती रेघ उमटली, तीही फाटकी. खिडकीतला माणूस कंटाळून म्हणाला, "अंगठा द्या ना, बाई. डावा." तिने डावा अंगठा दिला. बाहेर आल्यावर शाई पुसायला तिने भिंतीवर अंगठा घासला, शाई गेल्यावरही घासत राहिली.

घरावर नवे पत्रे आले. दोरवाल्याच्या मनात ती सगळीच रक्कम मोठ्या शहरातल्या डॉक्टरला द्यायची होती. तिला घेऊन तो गेलाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, हात पुन्हा उघडता येईल, थोडा सुटेल, कदाचित आहे त्याहून बिघडेलही. पूर्वीसारखा काही होणार नाही. "नको," ती म्हणाली. "दाखवून दाखवून थकला तो हात."

बागवाला जामिनावर सुटलेला होता. एकदा बांधावर दोरवाल्याला आडवा आला. "मिळाले म्हणे? म्हणजे माझ्या कोयत्यानं तुमचं घर शाकारलं. आता साक्षीच्या वेळी थोडी जाण ठेवा." दोरवाल्याला पूर्वी अशा वेळी काहीतरी सुचायचं. तो बाजूने निघून गेला. रात्रीपर्यंत त्याला नवे पत्रे डोळ्यांपुढे नको झाले होते.

दोर वळणं पुन्हा सुरू झालं. आक्का चाकावर, दोरवाला मागे चालायला, आणि ती वाटेच्या कडेला, लाकडी पाटावर बसलेली. तिथून ती सांगायची. "सोडा. धरा. बारीक झाला. आता सोडा. अहो, किती ते!" तिच्या आवाजावर त्याची बोटं हळूहळू हलायला शिकली. दोर तिच्यासारखा झाला नाही, पण गाडीवाला पुन्हा यायला लागला. एवढ्या बोलण्याखेरीज दोघांत फार बोलणं राहिलं नव्हतं. रागाने नाही. मंडळापुढच्या त्या दिवसाला हात लागेल असं बोलणं दोघंही टाळायचे, आणि कुठूनही सुरू केलं तरी बोलणं तिथंच यायचं.

एके दिवशी दुपार कलताना टेकडीपलीकडच्या वस्तीवरून एक म्हातारी आली, बरोबर विशी-बाविशीची लेक. लेकीने उजवा हात पदरात गुंडाळलेला होता. म्हातारी दमली होती, तरी बसायच्या आधीच बोलायला लागली. जावयाने लेकीचा हात दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. बोटं मोडली, मनगट मोडलं. तो तुरुंगात आहे. प्लास्टर निघून महिना झाला.

"तुमचं नाव ऐकून आले, दादा. तुमचे साठ निघाले म्हणे. लोक सांगतात, तुम्ही हात मुळीच हलवू दिला नाही म्हणून निघाले. मीसुद्धा हिला महिनाभर बसवून ठेवलीय. काडीला हात लावू देत नाही. असंच करायचं ना? आणखी काय काय करायचं असतं, तेवढं सांगा."

आक्काचं चाक थांबलं. दोर अर्धा झाला होता, दोरवाला शेवटाला उभा होता.

"तसं काही नाही हो, आजी," बायको पाटावरून म्हणाली. "ते आपलं मलाच कंटाळा…"

"मी सांगितलं होतं."

तिने वर पाहिलं.

"हिला मी सांगितलं होतं," दोरवाला म्हणाला. त्याचा आवाज भलताच मोठा निघाला, लांबून हाक मारावी तसा. "हात हलवू नको म्हणून. ही करत होती. लपून करत होती. मी चेंडू काढून घेतला. बोट लागत होतं अंगठ्याला, मी पाहिलं होतं. तिथं डॉक्टरीणबाईनं विचारलं, कोणी सांगितलं, तेव्हा मी दारात उभा होतो. ही म्हणाली कंटाळा आला. आणि मी गप्प बसलो, आजी. माझ्यासमोर तिला बोलल्या त्या, आणि मी गप्प बसलो."

हातातला पीळ कधीच सुटला होता. वाख त्याच्या पायांवर पडत होता.

म्हातारी एकदा त्याच्याकडे, एकदा त्याच्या बायकोकडे बघत राहिली. आपण काय विचारलं आणि हे काय निघालं, तिला कळेना.

बायकोने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती सरकून मुलीजवळ गेली आणि तिच्या पदरातला हात बाहेर काढून आपल्या मांडीवर घेतला. हात सुजलेला, गार होता. डाव्या हाताने तिने मुलीची तर्जनी धरली आणि हळूहळू वाकवायला लागली. मुलगी कळवळली.

"दुखतंय?"

"खूप."

"दुखू दे. आता तू वाकव. तुझं तू."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. बोट जरासं हललं.

"पण बाई," म्हातारी घाबरून म्हणाली, "मग ते टक्के…"

"आजी, तिला अजून चाळीस वर्षं भाकरी थापायचीय," बायको म्हणाली. मग पुढच्या बोटाला हात घातला. "हं. हे."

दोरवाला तिथेच उभा होता. कमरेचा पुडा अर्धा सुटून लोंबत होता. तिने मान न वळवता म्हटलं, "अहो, उभे काय राहिलात? पाणी तापवा. फार नको, कोमट. या हाताला शेक द्यायचाय."

तो घरात गेला. चूल विझलेली होती. त्याने राख बाजूला केली, काड्या घातल्या, गुडघ्यांवर बसून फुंकर मारली. धूर झाला, डोळे चुरचुरले, त्याने ते पुसले नाहीत. बाहेरून तिचा आवाज येत होता, "सोड. आता धर. पुन्हा." आणि मध्येच मुलीचं कण्हणं. पाणी किती तापलं ते बघायला त्याने पातेल्यात हात घातला. पाणी कोमट झालं होतं. बाहेरून तिने पुन्हा हाक मारली तेव्हा कुठे त्याने हात बाहेर काढला, फडक्याने पातेलं धरलं आणि सांडू न देता, एकेक पाऊल बघत, तो ओसरीकडे निघाला.